आटणीत गेलेले दिनार

वीसेक वर्षं मी रोमन नाणी जमवतो आहे. चांदीचे दिनार थोडे, तांब्या-कांशाची नाणी पुष्कळ. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांत, हा नाद असलेली माणसं फार नाहीत. त्यामुळे ज्याच्या कानावर हे जातं, तो एक प्रश्न हमखास विचारतो. कल्याण हे सातवाहनांच्या काळातलं बंदर, रोमच्या मालाची जहाजं इथे लागायची, मग इथल्या मातीतलं एखादं रोमन नाणं तुमच्याकडे असेलच? नाही. माझ्या पेटीतलं एकही नाणं इथल्या मातीतलं नाही. सगळी युरोपात किंवा पश्चिम आशियात जमिनीतून निघालेली आणि चार हात फिरून आलेली. सुरुवातीला हे उत्तर देताना ओशाळल्यासारखं व्हायचं, आता होत नाही. या छंदानं मला जे शिकवलं त्यातलं सर्वांत मोलाचं या 'नाही'मध्येच दडलेलं आहे. आपल्या भागात रोमन चांदी सापडत नाही, ती आली नाही म्हणून नव्हे. ती आली आणि कामाला लागली म्हणून. विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा सावकाश मांडतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, टिपणाचं पोचलं आहे: 'पेरिप्लस'. कुठे काय खपतं, काय मिळतं, कुठे वाटाड्या घ्यावा लागतो, असा सगळा रोकडा कारभार. त्यात पैठण आणि तेर येतात, आणि कल्याण 'कल्लिएना' या नावानं येतं, तेही तक्रारीच्या सुरात. थोरल्या सारगनच्या, म्हणजे कुणा सातकर्णीच्या, काळात हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं; पण सांदनेसचा अंमल बसल्यापासून इथे फार अडवणूक होते, एखादं ग्रीक जहाज चुकून लागलंच तर पहारा बसवून त्याला बरुगाझाला धाडतात. बरुगाझा म्हणजे भडोच. ते नहपान या क्षत्रप राजाच्या ताब्यात होतं. कल्याणचा इतिहास सांगताना आपण बंदराचं वैभव सांगतो आणि ही नाकेबंदी गाळतो. पण आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. ऑगस्टस आणि टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांची चांदी दक्षिण हिंदुस्थानात पसरली होती, त्याच शतकात काही काळ तरी कल्याणच्या खाडीचं दार बंद होतं आणि माल वर भडोचला उतरत होता. त्याच टिपणात भडोचविषयी एक छोटं वाक्य आहे, ते माझ्या मते आपल्या नाण्यांच्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य असेल: रोमचा सोन्याचा आणि चांदीचा पैसा इथे आणावा, इथल्या नाण्याशी बदलताना त्यात नफा होतो.

नफा का व्हावा? याचं उत्तर नाशिकच्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात आहे. त्यानं देव-ब्राह्मणांना दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा हिशोब तिथे कोरला आहे: ३५ कार्षापणांचं एक सुवर्ण, या दरानं २,००० सुवर्ण. दगडावर कोरलेला विनिमयाचा दर इतका स्पष्ट क्वचितच मिळतो. हे कार्षापण म्हणजे नहपानाचं चांदीचं नाणं धरलं, तर ते साधारण दोन ग्रॅमचं. म्हणजे इथे एका सोन्याच्या नाण्याला ७० ग्रॅमच्या आसपास चांदी पडत होती. रोममध्ये एका सोन्याच्या नाण्याचे २५ दिनार. ऑगस्टसच्या वेळचा दिनार ३.९ ग्रॅमचा धरला तर जवळपास ९७ ग्रॅम चांदी. लेखातलं 'सुवर्ण' नेमकं रोमचं की कुशाणांचं, यावर अभ्यासकांत वाद आहेत आणि तो वाद मिटेपर्यंत हा हिशोब काट्यावर काढल्यासारखा मानू नये. पण वजनात थोडंफार इकडेतिकडे झालं तरी कल बदलत नाही. सोन्याच्या मानानं चांदी इथे महाग होती, तिथे स्वस्त. जिथे स्वस्त तिथून उचलावी आणि जिथे महाग तिथे ओतावी, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. कोणत्याही सराफाच्या पेढीवर तासभर बसलं तरी पुरे. थोरल्या प्लिनीनं दरसाल पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थान गिळतो म्हणून गळा काढला आहे. चार सेस्टर्सचा एक दिनार, म्हणजे सव्वा कोट दिनार. आकडा फुगवलेला असेल, सगळा रोख चांदीत नसेल, तरी त्याचा दहावा हिस्सा खरा मानला तर दरसाल पाचएक टन चांदी होते. ती गेली कुठे?

तमिळनाडूत आणि आंध्रात ती हंड्यांतून निघते. कोइम्बतूर-करूरच्या पट्ट्यात दिनारांचे साठेच्या साठे सापडले आहेत. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सोन्याची ५०१ नाणी निघाली आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. चलन म्हणून बाद आणि सोनं म्हणून कायम, असा तो शिक्का असावा. आपल्याकडे मात्र हंडे निघतात ते क्षत्रपांच्या नाण्यांचे. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ मध्ये एका साठ्यात नहपानाची १३,२५० च्या आसपास चांदीची नाणी मिळाली. फरक व्यापारातला नव्हे, टांकसाळीतला आहे. दक्षिणेत तेव्हा स्वतःचं चांदीचं नाणं मोठ्या प्रमाणावर पाडणारी सत्ता नव्हती. परकं नाणं तिथे परकं राहूनच पुरलं गेलं. इथे नहपानाला आपल्या नावाचं चलन हवं होतं. दिनार बंदरावर उतरला की मुशीत जायचा. ऑगस्टसच्या एका दिनारात नहपानाची दोन नाणी जवळजवळ बसतात, हे वजनाचं गणित योगायोगाचं असेलही, पण सोयीचं नक्कीच आहे. सराफांच्या बोलीत याला आटणी म्हणतात. आजही चांदीचं जुनं भांडं मोडीत घातलं की त्यावरचं आजीचं नाव काट्यावर येत नाही. वजन येतं आणि कस येतो.

हे नुसतं तर्कानं सांगण्यापेक्षा दोन नाणी शेजारी ठेवावीत. टायबेरियसचा दिनार बोटाच्या पेरावर मावेल एवढा, वजनदार, जाड. एका बाजूला उजवीकडे पाहणारा सम्राट, डोक्यावर पानांचा मुकुट, त्याच्या दोन टोकांची गाठ मानेवर सुटलेली. मागच्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी, आणि भोवती मुख्य पुरोहित या अर्थाची लॅटिन अक्षरं. आता नहपानाचं नाणं. धातूची जाडी कमी, पण मांडणी ओळखीची: तोच उजवीकडे पाहणारा चेहरा, तीच कडेनं फिरणारी अक्षरं. चेहरा मात्र आपल्याकडचा, गाल भरलेले, ओठांवर मिशी. आणि अक्षरं? लिपी ग्रीक, पण लावून वाचली तर निघते प्राकृत: राजा क्षहरात नहपानाचं नाणं. मागे बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मीत व खरोष्ठीत. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ही ग्रीक अक्षरं हळूहळू मोडत जातात, शेवटी नुसत्या काड्या आणि गोळे उरतात. ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती, पण नाण्यावर काहीतरी परकं लिहिलेलं असावं लागतं, नाहीतर लोक घेत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. जोगलटेंभीच्या साठ्यातला पुढचा अंक तर उघड आहे. १३,२५० पैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला आहे. नहपानाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, पाठीवर उज्जयिनी चिन्ह. काही नाण्यांवर डोंगराच्या कमानीखालून जुन्या राजाचं नाक अजून डोकावतं. वितळवायचा खर्च वाचवून केलेला हा सत्तांतराचा जाहीरनामा. रोमची चांदी, क्षत्रपाचा चेहरा, सातवाहनाचा शिक्का, असं तीन राज्यांचं ओझं वाहणारं नाणं मला कुठल्याही चकचकीत दिनाराहून श्रीमंत वाटतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ही चांदी रोमचीच कशावरून? राजस्थानात जावर आणि दरिबाच्या खाणी आहेत, तिथे फार प्राचीन काळापासून शिसं आणि चांदी काढली जात होती. शिवाय पेरिप्लसच सांगतो की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन राजांची जुनी द्रम्म नाणी अजून चालत होती. नहपानानं तीच वितळवली असतील, आणि डौलही त्यांच्याकडूनच घेतला असेल. आक्षेप अर्धा मला मान्य आहे. उजवीकडे पाहणारा चेहरा आणि ग्रीक अक्षरं यवनांच्या नाण्यांतही होती, त्यामुळे नुसत्या दिसण्यावरून रोमचा वारसा सिद्ध होत नाही. चांदीच्या मुशीत तर काय काय पडलं असेल याला सुमार नाही. खाणीतली नवी, यवनांची जुनी, मोडीत आलेली आहत नाणी, सगळं एकत्र. आटणीत गेलेल्या चांदीला पत्ता उरत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यानं दोन गोष्टी समजावून द्यायला हव्यात. खाणीची चांदी गरजेपुरती मिळत असती तर परक्या चांदीवर नफा कसा मिळाला असता? जिथे घरची विहीर तुडुंब आहे तिथे पाण्याचा टँकर विकत घेत नाहीत. आणि दुसरं, पेरिप्लसच्या शब्दावर विश्वास ठेवून दिनार भडोचला उतरले असं मानलं, तर त्यांचं पुढे काय झालं? दख्खनच्या पठारावर ते हंड्यांनी पुरलेले सापडत नाहीत, समुद्रमार्गे परत जाण्याचं कारण नाही. वितळले यापेक्षा सोपं उत्तर मला तरी दिसत नाही. सगळी क्षत्रप चांदी रोमची, असं मी म्हणत नाही. तिच्यात रोमचा वाटा मोठा होता, एवढंच म्हणतो.

तांब्या-कांशाच्या नाण्यांची गोष्ट याच्या अगदी उलट, आणि नव्यानं जमवू लागलेल्यांचा घोटाळा इथेच होतो. चांदीचं मोल धातूत असतं, तांब्याचं राजाच्या शब्दात. कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं एक लहानसं नाणं जगाच्या बाजारात अत्यंत स्वस्त मिळतं, बहुतेकांची सुरुवात त्यानंच होते. त्यावर दोन शिपाई भाले टेकून उभे असतात आणि मध्ये सैन्याची निशाणं. ३३० च्या सुमारास पाडलेल्या नाण्यांत निशाणं दोन, ३३५ पासून एक. का? नाणंच लहान केलं, धातू वाचवला, मग दोन निशाणांना जागा उरली नाही. महागाईचा असा चित्रमय पुरावा दुसरा नसेल. चांदीचंही तेच झालं होतं. नीरोनं ६४ च्या सुमारास दिनार हलका केला. २१५ मध्ये काराकल्लानं दोन दिनारांच्या दर्शनी किमतीचं नवं नाणं काढलं, त्यात चांदी मात्र दीड दिनाराचीच. आणि अर्ध्या शतकात ते चांदीचा नुसता हात फिरवलेलं तांबं होऊन बसलं. आपल्या पारखी लोकांना हे नीरोच्याच वेळी कळलं असावं, कारण दक्षिणेतल्या साठ्यांत त्याच्या आधीच्या शुद्ध दिनारांचाच भरणा आहे. हिणकस माल त्यांनी उचललाच नाही. बट्टा लागणे हा शब्दप्रयोग आपण चारित्र्याबद्दल वापरतो, तो मुळात पेढीवरचा आहे. पोतदार हे आडनावही नाण्यांची पारख करणाऱ्यांचं. तेव्हा ज्याच्या किमतीला रोमच्या हद्दीबाहेर कुणी विचारत नाही असं तांब्याचं नाणं दोन हजार कोस लांब कोण घेऊन येणार? चौथ्या-पाचव्या शतकातली अशी नाणी तमिळनाडूत आणि श्रीलंकेत बरीच मिळतात, तिथे ती किरकोळ खुर्दा म्हणून चालली असं दिसतं. कोकणात तसं चित्र नाही. कांसं आलं ते वस्तू होऊन आलं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात १९४४-४५ मध्ये समुद्रदेव पोसायडनची सुबक मूर्ती निघाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते. तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत, काहींना ओवण्यासाठी भोक. परक्या राजाचं तोंड गळ्यात मिरवायची हौस आपल्याकडे जुनी आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला आपण पुतळी म्हटलं आणि पुढे पुतळ्यांची माळ लक्ष्मीच्या छापाची झाली.

आता 'सापडलं'विषयी. बदलापूरला इमारतीचा पाया खणताना, अंबरनाथला वालधुनीच्या काठी, उल्हासनगरला भंगाराच्या गोणीत, अशी रोमन नाणी सापडल्याची बातमी वर्षातून दोन-चारदा तरी येते. प्रत्यक्ष पाहिलं की बहुतेक वेळा ती गधैया निघतात. त्यांचीही गंमत आहे: इराणच्या सासानी राजाचा मुखवटा पिढ्यानुपिढ्या नकला होत इतका बिघडला की टिंबं आणि रेघाच उरल्या. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहारांचं. त्या काळात पश्चिम हिंदुस्थानात असली नाणी चालत होती आणि शिलाहारांच्या लेखांत द्रम्म येतात. ग्रीक द्रख्माचा द्रम्म झाला, द्रम्माचा दाम. रोमचा दिनारही संस्कृतात 'दीनार' होऊन राहिला. धातू आटला तरी शब्द आटले नाहीत. पण मंदिर जसं पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात, तसं झिजलेलं परकं नाणं म्हणजे रोमन, अशी आपली समजूत असते. कधीतरी खरोखर रोमन तांब्याचं नाणं समोर येतं. तेव्हा तर जास्त सावध व्हावं लागतं. उल्हासनगर वसलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर. 'कल्याण कॅम्प' म्हणत त्याला, कॅम्प एक ते पाच हे आकडे अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना तिथे वसवलं आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्या युद्धात आपल्या पलटणी इजिप्त, लिबिया, इटलीत लढल्या, आणि तिकडे अशी नाणी फेरीवाल्यांकडे मिळत. एखाद्या जवानाच्या खिशातून ते बराकीत पडू शकतं. सिंधूच्या मुखाशी बार्बरिकम हे बंदर होतं, तिथेही रोमचा पैसा उतरायचा; सिंधमधून आलेल्या एखाद्या ट्रंकेतून ते येऊ शकतं. परवाच्या युरोप सहलीतूनही येऊ शकतं. ही सगळी नाणी अस्सल असतील आणि जमिनीतूनच निघाली असतील. जमिनीतून निघालं म्हणजे सातवाहनांच्या काळी जमिनीत पडलं, असं होत नाही. ते कुठल्या थरात होतं, सोबत कुठली खापरं होती, वर विटा कोणत्या काळच्या, हे कळलं तरच नाणं बोलतं.

हे उमगायला मला फार वेळ लागला, हे कबूल करतो. पहिली काही वर्षं माझी नजर नाण्याच्या तोंडावर होती: चेहरा किती ठसठशीत, अक्षरं किती पुरी. त्या नादात ओतीव नकलाही घेतल्या जातात. खरं नाणं ठशाखाली ठोकलेलं असतं. ओतीव नकलेच्या कडेला दोन साच्यांचा सांधा घासल्याची खूण असते, अंगावर बारीक बुडबुड्यांचे खळगे, उठाव साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, आणि वजन बहुतेक वेळा चुकलेलं. उल्हासनगरच्या नकलांवर विनोद करायची आपल्याकडे रीत आहे, पण या धंद्यात युरोप शेकडो वर्षं पुढे होता. सोळाव्या शतकात पादुआच्या काव्हिनोनं रोमन नाण्यांच्या धर्तीवर पाडलेली पदकं आज स्वतंत्रपणे जमवली जातात. आणि खुद्द रोमन काळातही आत तांबं, वर चांदीचं पान असे मुलाम्याचे दिनार होतेच. नकलेनं फसणं एक वेळ परवडतं. गेलेला पैसा गेला, पण नजर तयार होते. त्याहून मोठं नुकसान अस्सल नाण्याबरोबर होतं, जेव्हा ते कुठून आलं हे सांगायची कुणाला गरज वाटत नाही. मी घेतलेल्या बऱ्याच नाण्यांमागे ती चौकशी झालेली नाही, आणि आता करायची म्हटली तरी करता येणार नाही. माझ्या संग्रहात चांगली नाणी आहेत. पुरावे म्हणून त्यांचं मूल्य जवळपास शून्य आहे.

यावर पुराणवस्तूंचे अभ्यासक म्हणतात, मग जमवूच नका. तुमच्या मागणीमुळेच जमिनी उकरल्या जातात, साठे फुटतात. हौशी संग्राहक उलट विचारतात, आम्ही घेतली नसती तर सराफानं आटवली असती, मग काय अभ्यासणार होता? दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि दोघांचंही अपुरं. आपल्याकडे सापडलेल्या चांदीचा पहिला रस्ता अजूनही मुशीकडेच जातो, त्यामुळे कुणी हौशी माणूस मध्ये उभा राहिला म्हणून वाचलेले साठे आहेत, हे नाकारता येत नाही. पण साठा फोडून त्यातली दहा देखणी नाणी दहा पेट्यांत गेली, तर ती आटणीच झाली. धातू वाचला, माहिती आटली. जोगलटेंभीच्या साठ्याची किंमत नहपानाच्या चेहऱ्यात नाही. तो एकत्र मोजला गेला, किती नाण्यांवर दुसरा ठसा आहे हे कुणीतरी बसून लिहिलं, त्यामुळे गौतमीपुत्रानं नहपानाचा पाडाव केला याला नाण्यांची साक्ष मिळाली. सुटं सुटं विकलं असतं तर ती फक्त दोनदा ठोकलेली विचित्र नाणी राहिली असती. नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना करंडकांसोबत यज्ञ सातकर्णीचं एकच चांदीचं नाणं मिळालं. एकच, पण कुठे मिळालं हे ठाऊक असल्यामुळे त्याला महत्त्व आलं. म्हणून माझं मत असं की जमवावं, पण जे जाहीर संग्रहातून, लिहिलेल्या पूर्वेतिहासासह येतं तेच. आणि इथल्या मातीतून निघालेलं असेल तर आपल्या पेटीत मुळीच ठेवू नये. छंद एवढ्यानं मरत नाही. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे. पाहायला आणि शिकायला मालकी लागत नाही.

राहता राहिली एक व्यवहाराची गोष्ट, आणि ती बदलापूर-अंबरनाथमध्ये रोज पाया खणणाऱ्यांसाठी आहे. उल्हास नदीच्या काठानं कल्याणहून घाटाकडे जाणाऱ्या वाटा जुन्या आहेत. नाणेघाटाचा रस्ता मुरबाडवरून वर चढतो, आणि बदलापूर हे घोडे बदलायचं ठाणं होतं असं तिथले लोक सांगतात. काही निघणारच नाही असं कुणी म्हणू नये. निघालं तर चिंच, लिंबू, राख काहीही लावू नका. तांब्यावरचा गर्द हिरवा, घट्ट थर ही नाण्याची कातडी असते. ती सोलली की अक्षरं तिच्याबरोबर जातात. फिकट हिरवी भुकटी झडत असेल तर तो रोग आहे, आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत झपाट्यानं वाढतो. नाणं कोरड्या डबीत वेगळं ठेवा, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नको. जागा, खोली आणि सोबत काय होतं ते लिहा, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. कळवलं तर सरकार सगळं फुकट घेऊन जातं, या भीतीनं लोक गप्प बसतात आणि माल सराफाकडे जातो. त्याच कायद्यात असंही लिहिलं आहे की धनाचा दुसरा कुणी मालक ठरला नाही आणि सरकारनं ते स्वतःकडे ठेवायचं ठरवलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश एवढी रक्कम सरकारनं भरायची. सराफ नुसती मोडीची किंमत देतो.